वरच्या न्हाणीचे गरम पाणी

तीर्थरूप न्दिरांगू मामा यांच्या चरणी, ओल कलाउहून भाची गाथोनी हिचा मान खाली घालून (ती एरवीही खालीच असते, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत) मनःपूर्वक नमस्कार.

सर्वप्रथम क्षमायाचना. भाचीने मामांना, तेही आपण होऊन, तेही एवढे लांबलचक पत्र लिहावे ही आगळीक आहे, हे मी जाणते. आपल्या घरात वडीलधाऱ्यांना काही कळवायचे झाले तर ते आई कळवते, आणि माझ्याकडे फक्त चहाचे आधण असते. मी आजवर तुमच्याशी 'हो' आणि 'आणखी वाढू का' यापलीकडे काही बोलल्याचे मला तरी आठवत नाही. फोनवर बोलावे म्हटले, तर माझा आवाज इतका बारीक होतो की मागच्या खेपेस तुम्ही 'रेंज नाही' म्हणून फोन ठेवून दिलात. रेंज पूर्ण होती, मामा. मी बोलत होते. शिवाय लॉजचा फोन आईच्या काउंटरवर असतो आणि पुढील मजकुरात आईने ऐकू नये असे बरेच काही आहे. म्हणून लेखणीचा आश्रय घेत आहे. कागदावर माझा आवाज बराच मोठा निघतो, असे शाळेतल्या बाई म्हणत. तो कुठे चढा वाटल्यास भाची लहान आहे असे समजून सोडून द्यावे.

तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी साखर बंद केल्याचे आईने सांगितले. ती मनापासून बंद केली आहे की फक्त मामींसमोर, हे मी विचारत नाही. मामींच्या गुडघ्यांना थिकाची हवा मानवत असेलच. इथे यंदा ऑगस्ट भलताच कडक आहे. सकाळी बटाट्याच्या शेतांवर पांढरे दहिवर असते आणि लॉजमधले पाहुणे कोट घालूनच नाश्त्याला येतात. तुमच्या नव्या कार्डाची एक प्रत आईने काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे: 'नळकाम, गरम पाणी, वीज व इतर सर्व'. प्रत्येक पाहुणा खोलीची किल्ली घेताना ते कौतुकाने वाचतो, आणि आंघोळ करून खाली आल्यावर पुन्हा एकदा, जरा वेगळ्या चेहऱ्याने वाचतो.

या दुसऱ्या वाचनापासूनच माझ्या विषयाला आरंभ होतो. विषय असा, की आपल्या गावातील नळकाम, गरम पाणी आणि वीज या तीन विद्यांची सद्यःस्थिती काय आहे, आणि त्या तिघींच्या मध्ये सापडलेल्या आईच्या लॉजचे काय होणार.

फुंडी म्हणजे कारागीर खरा, पण नळाचा फुंडी आणि विजेचा फुंडी ही दोन स्वतंत्र राज्ये आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. भिंतीतली पाइप एकाची, तार दुसऱ्याची, आणि इतकी वर्षे दोघे आपापल्या हद्दीत सुखाने नांदत होते. परंतु न्हाणीत जेव्हा तो पांढरा शॉवर आला, ज्याच्या पोटातच पाणी तापते, तेव्हा सरहद्दीचा तंटा उभा राहिला. त्याच्यात एका बाजूने पाणी येते आणि दुसऱ्या बाजूने वीज. नळाचा फुंडी म्हणतो, हे विजेचे यंत्र आहे, मी हात लावणार नाही. विजेचा फुंडी म्हणतो, ह्यात पाणी आहे, मी हात लावणार नाही. मग हात लावायला उरतो तो फक्त पाहुणा. तो लावतो, आणि ओरडतो.

आपल्या गावात आता नळासाठी मचारिया काका आहेत आणि विजेसाठी गिचुकी दादा. दोघेही हुशार, दोघेही चर्चला नियमित जाणारे, आणि दोघे एकमेकांशी अजिबात बोलत नाहीत. (गुरांच्या डॉक्टरांकडे असाच एक शॉवर बसवताना तो डॉक्टरांच्या डोक्यावर पडला. तेव्हापासून मचारिया काकांच्या मते तो तारेला लटकत होता आणि गिचुकी दादांच्या मते पाइपला. स्वतः डॉक्टर अजून काही निर्णयाला आलेले नाहीत.) मात्र एका बाबतीत दोघांचे संपूर्ण एकमत आहे. कोणत्याही कामाला गेले, की पिशवी खाली ठेवण्यापूर्वी ते आधीच्या फुंडीच्या कामासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहतात, मयताच्या घरी उभे राहावे तसे, आणि मान हलवतात. त्यानंतर तो प्रश्न येतो. हा विधी झाल्याशिवाय पान्हा बाहेर निघतच नाही. आमच्याकडे दोघेही निरनिराळ्या दिवशी आले, परंतु संभाषण शब्दशः एकच झाले, म्हणून एकदाच देते.

"पोरी, हे कुणी केलं?"

"एक होते."

"होते म्हणजे? गेले?"

"थिकाला."

"बरं झालं."

मामा, तुमचे नाव मी सांगितले नाही. दोघांनीही खोदून खोदून विचारले. मचारिया काका तर म्हणाले, "नाव सांग ना, प्रार्थनेत घेतो." तरीही सांगितले नाही. या एका गोष्टीसाठी तरी पत्राचा उर्वरित भाग तुम्ही शांतपणे वाचाल अशी मला आशा आहे.

त्यांना बोलवायची वेळ का आली, ते आता सांगते. चर्चच्या महिला मंडळाचा वार्षिक मेळावा यंदा ओल कलाउला भरणार आहे. सगळ्या बायका एकाच लॉजमध्ये उतरणार, आणि एकदा ज्या लॉजमध्ये उतरल्या तिथेच दर वर्षी उतरणार, कारण मंडळाला बदल मानवत नाही. आईच्या दृष्टीने हा मेळावा म्हणजे लॉज राहणार की जाणार, एवढाच प्रश्न आहे. रस्त्यापलीकडे नवा लॉज झाल्यापासून आमच्या निम्म्या खोल्यांत नुसत्या घोंगड्या झोपतात. शेजारचा शवपेट्यांचा दुकानदार तर जागा वाढवायची म्हणून घरमालकाला आडून विचारत असतो. हल्ली तो आमच्याकडे चहाला येतो तो टेप घेऊनच, आणि चहा निवेपर्यंत कुठली ना कुठली भिंत मोजून पाहतो. "पेट्यांना गरम पाणी लागत नाही," असे तो आईला मायेने म्हणाला.

मंडळाच्या अध्यक्षा वांजुगूबाई यांना तुम्ही ओळखता. त्या पाहणीला आल्या, त्या स्वतःचा टॉवेल, स्वतःचा साबण आणि डोक्याला घालायची प्लास्टिकची टोपी घेऊन. आईने दारावरची पाटी दाखवली: 'गरम पाणी, चोवीस तास'. त्या म्हणाल्या, "बाई, लिहिलेलं पाणी मला चालत नाही. अंगावर घेतलेलं चालतं." आणि वरच्या न्हाणीत गेल्या.

दुर्दैव असे, की त्याच वेळी एका बटाट्याच्या व्यापाऱ्याने खालच्या न्हाणीत शॉवर सुरू केला. दोन्ही शॉवर एकदम चालू झाले तर काय होते हे आम्हा घरच्यांना ठाऊक होते. म्हणून मी एरवी जिन्यात पुस्तक घेऊन बसते आणि एका वेळी एकालाच आत सोडते. त्या दिवशी आईने मला चहाला पिटाळले होते. सगळा लॉज काळोखात बुडाला, पाणी बर्फासारखे झाले, आणि दिवे परत आले त्याच क्षणी वांजुगूबाईंनी चाचपडत नळाला हात लावला. जे काही त्या ओरडल्या त्यात प्रभूचे नाव होते, एवढेच सांगते. केसांत फेस तसाच ठेवून त्या खाली आल्या आणि आईसमोर उभ्या राहिल्या.

"तुझ्या नळात मुंग्या आहेत."

"थंडीनं वाटलं असेल," आई म्हणाली.

"थंडी आणि मुंग्या यातला फरक मला कळतो. पुढच्या बुधवारी परत येते. पुन्हा आंघोळ करीन. कढत पाणी मिळालं आणि मुंग्या गेलेल्या असल्या, तर सगळ्या बायका तुझ्याकडे. नाहीतर रस्ता ओलांडायला मला पाय आहेत."

त्यानंतर आईने तुम्हाला फोन केला. फोनवर तुम्ही म्हणालात, "निघालोच." मामा, ही तक्रार नव्हे, परंतु आईने तुमच्यासाठी कोंबडी शिजवली आणि मी नकाशाचे पुस्तक उघडून बसले, म्हणून लक्षात राहिले. सकाळी तुम्ही गिलगिलला होतात, म्हणजे जवळजवळ दारातच. दुपारी नैवाशाला होतात. संध्याकाळी लिमुरूला. प्रत्येक फोनला तुम्ही आमच्यापासून अधिकाधिक दूर जात होतात, आणि प्रत्येक वेळी मागे मामी तेच विचारत होत्या, की चहा इथेच आणू का. कोंबडी शेवटी व्यापाऱ्याने खाल्ली. आई एवढेच म्हणाली, "कामाचा माणूस आहे. अडकला असेल."

मग मचारिया काका आणि गिचुकी दादा आले, विधी झाले, आणि गिचुकी दादांनी जिन्याखालची विजेची पेटी उघडली. पेटीचे दार पुरते उघडण्याआधीच आईने त्यांचे मनगट धरले.

"हात काढ. ते माझ्या भावाचं काम आहे."

(अशा रीतीने, मी इतके दिवस जिवापाड जपलेले तुमचे नाव आईने स्वतःच उघड केले.)

"भावाचं आहे म्हणूनच झटका बसतोय, ताई."

"बसू दे. घरचा झटका आहे."

आईने त्यांना त्यांच्याच हत्यारांच्या पिशवीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की न्दिरांगूच्या तारेला ते बोट लावणार नाहीत. गिचुकी दादांनी घेतली. घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुझी आई हट्टी आहे की तुझा मामा जादूगार?" मी 'आणखी चहा घेता का' एवढेच विचारले. पण उत्तर मला ठाऊक होते. बाबा गेल्यावर सगळ्या काकांनी आईला सांगितले की बाईमाणसाने लॉज चालवू नये, तो दुसऱ्याला चालवायला देऊन गप्प बसावे. तेव्हा तुम्ही खांद्यावर तारेचे भेंडोळे घेऊन आलात, दोन वेळच्या मका-घेवड्याच्या गिथेरीवर सगळ्या इमारतीचे वायरिंग करून दिलेत, आणि दारावरचा पहिला दिवा लागला तेव्हा आई संध्याकाळभर त्याखाली उभी राहून बटण खालीवर करत होती. दिवा होता एकच, पण काकांच्या घरातून तो दिसत होता. त्या तारेला परक्याने पक्कड लावणे आईला कसे सोसावे?

आता माझ्या उद्धटपणाचा भाग येतो. मेळावा जाऊ द्यायचा नाही आणि आईला दुखवायचे नाही, अशा दोन अटी पाळून उत्तर काढायचे होते. आणि दोन अटींची उदाहरणे सोडवण्यात मी शाळेपासून बरी आहे. शॉवरमधून झिरपणारी वीज माणसाऐवजी जमिनीत जावी म्हणून एक हिरवी तार असते, हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आकृतीसह आहे. ती तार मी वरच्या न्हाणीपासून नजरेने धरत खाली आले. ती तुम्ही पाण्याच्या पाइपला बांधलेली होती, तीन सुबक वेढे देऊन. मामा, तुमचे चुकले नव्हते. तेव्हा ती पाइप लोखंडाची होती आणि जमिनीत जात होती; वीज तिच्यावरून निमूटपणे मातीत उतरत असणार. पुढे पाइप गंजली. मचारिया काकांनी ती काढून प्लास्टिकची घातली. घालताना त्यांनी तुमची तार हळुवारपणे सोडली, बाजूला ठेवली, आणि काम झाल्यावर त्याच जागी, तेच तीन वेढे देऊन, परत बांधली. कारण ते सचोटीचे गृहस्थ आहेत आणि दुसऱ्याची वस्तू जिथल्या तिथे ठेवतात.

मी त्यांना विचारले तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, "एक वेढाही कमी नाही. मोजून घे."

गिचुकी दादांना विचारले तर ते म्हणाले, "तार आहे, बांधलेली आहे. कशाला बांधली ते पाहणं नळवाल्याचं काम."

प्लास्टिकला विजेचे सुखदुःख नसते, मामा. तार तिथे नुसतीच मिठी मारून बसली होती. दोन्ही विद्यांनी आपापले कर्तव्य चोख बजावले होते, आणि मधल्या मोकळ्या जागेत वीज वर्षानुवर्षे आंघोळीला येणाऱ्यांची वाट पाहत उभी होती. दुसरा दोष काळोखाचा. दोन्ही न्हाण्यांना तुम्ही एकच बारीक तार दिली होती. थंडीत दोन भावंडांना एकच आखूड पांघरूण द्यावे तशी. एकाने ओढले की दुसरा उघडा, आणि दोघांनी ओढले की पांघरूणच फाटते.

आता काय करायचे ते कळले, पण सामान कुठून आणायचे? जिन्याखाली केरसुण्यांच्या मागे पोत्यात गुंडाळलेले एक ओझे आहे, ते हलवायचे नाही, असा आईचा दंडक होता. मी हलवले. आत जाड तारेचे अख्खे भेंडोळे होते, दोन नवे कोरे ब्रेकर होते, आणि जमिनीत ठोकायचा तांब्याचा लांब दांडा. म्हणजे तुम्हाला सगळे ठाऊक होते. तुम्ही आणूनही ठेवले होते. 'पुढच्या खेपेस पक्के करून देतो' म्हणाला होतात, ते खोटे नव्हते; फक्त पुढची खेप यायची राहिली. ते पोते पाहून मला तुमचा जो अभिमान वाटला, तो मी तोंडाने कधीच सांगू शकणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मंगळवारी आई नाकुरूला गेली. मेळाव्याच्या बायकांसाठी नव्या चादरी आणायला. (मेळावा मिळालेला नसताना चादरी आणणारी बाई भावावर विश्वास का टाकते, हे तुमच्या लक्षात येईल.) ती मटाटूत बसताच मी गिचुकी दादांकडे गेले आणि अतिशय आदराने विचारले, की त्यांनी शपथ घेतली ती बोटांची, तिच्यात जीभ धरली आहे का? त्यांनी आपली दहाही बोटे उलटसुलट करून पाहिली. मग सोड्याचे रिकामे खोके उचलून आमच्या जिन्यासमोर आणून ठेवले, त्यावर बसले, हात काखेत घातले आणि म्हणाले, "जीभ माझी आहे."

शॉवर उतरवायला मचारिया काकांनाही बोलवावे लागले. ते न्हाणीत, दादा खोक्यावर, आणि मी दोघांमध्ये, एका हातात पेचकस घेऊन.

"गाथोनी, त्या नळवाल्याला सांग, पाणी बंद कर."

"गाथोनी, त्या वीजवाल्याला सांग, पाणी केव्हाच बंद आहे. डोळे असते तर दिसलं असतं."

मी सांगितले, की पाणी बंद आहे.

"डोळ्यांचं सांगितलंस का?" वरून आवाज आला.

"सांगते, काका."

"ऐकलं मी!" दादा ओरडले. "त्याला सांग, माझे डोळे शाबूत आहेत, त्याचा शॉवर पडला तेव्हाही होते!"

मुख्य बटण मी बंद केले. टेस्टर लावून पाहिले. पुन्हा लावून पाहिले. तरीही तुमची जुनी तार सोडवण्याआधी तिसऱ्यांदा लावून पाहिले. दादा खोक्यावरून म्हणाले, "घाबरू नकोस, पोरी. बटण बंद असलं की वीज तुझ्याशी बोलत नाही. नळवाला माझ्याशी बोलत नाही, तशीच." आणि वरून मचारिया काका पहिल्यांदाच हसले, ते मी ऐकले.

वरच्या न्हाणीला एक जाड तार, खालच्या न्हाणीला दुसरी, प्रत्येकीला आपला ब्रेकर. तांब्याचा दांडा मी स्वयंपाकघरामागे कपडे धुण्याच्या दगडाशेजारी ठोकला, कारण तिथली माती कधीच वाळत नाही. घणाचे घाव ऐकून शेजारचा पेटीवाला कुंपणाशी आला आणि खड्डा कशासाठी, असे मोठ्या आशेने विचारू लागला. मी म्हणाले, "वीज पुरतेय." त्याला ते माप कळले नाही; तो परत गेला. शेवटी दादांनी मीटरच्या दोन सुया लावून सगळीकडे तपासले, आणि मला बजावून सांगितले, "मी नाही, मीटरनं हात लावला." मग स्वतःच नळ धरला, सोडला, पुन्हा धरला, आणि बराच वेळ धरून राहिले, जणू कुणाचा तरी हात हातात घेतला आहे.

काल बुधवारी वांजुगूबाई आल्या. टॉवेल, साबण, टोपी. मी त्या व्यापाऱ्यांना विनंती केली, की त्यांनी त्याच वेळी खालच्या न्हाणीत आंघोळ करावी. त्यांची सकाळीच झाली होती, पण 'विज्ञानासाठी' असे म्हटल्यावर ते पुन्हा गेले. आई, मचारिया काका, गिचुकी दादा आणि मी जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिलो. वर पाणी सुरू झाले. खाली पाणी सुरू झाले. दारावरचा दिवा तसाच जळत होता. मग वरून भजनाचे पहिले कडवे आले, जरा घाबरत. कडवे संपले आणि सगळे थांबले. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून निळा आहे. काकांनी हळूच विचारले, "मेली का?" दादांनी त्यांना थेट उत्तर दिले, मामा, मध्ये मला न घेता: "गप्प बस, साबण लावतेय." आणि दुसरे कडवे सुरू झाले, पट्टी चढवून. ती बाई एकामागून एक सगळी कडवी म्हणाली. ज्या भजनाला इतकी कडवी आहेत हे पाद्रीबुवांनाही माहीत नसेल, ते तिने कढत पाण्याखाली उभे राहून पूर्ण केले.

लालबुंद होऊन, वाफाळत, त्या खाली आल्या. "मुंग्या गेल्या," एवढेच म्हणाल्या. आणि मग, "मेळावा तुझ्याकडे. हे काम कुणी केलं?"

आईने काय उत्तर दिले ते ताजा कलमात लिहिते, कारण मूळ पत्रात वडीलधाऱ्यांना बुचकळ्यात टाकू नये असा संकेत आहे. सारांश: लॉज वाचला, आई आनंदात आहे, पेटीवाल्याने टेप खिशात घातला आहे, आणि आम्हाला तुमच्याकडून काहीही नको आहे. कमरेला जपावे. मामींना नमस्कार. कळावे, लोभ तर आहेच; विश्वासही ठेवावा, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

तुमची आज्ञाधारक भाची,
गाथोनी

ता. क. तुम्ही मंगळवारी येऊन गेलात. हे तुम्हाला माहीत नसेल म्हणून कळवते. झाले असे, की आई नाकुरूहून परतली, पेटी उघडी पाहिली, नवी जाड तार पाहिली, जिन्याखालचे पोते रिकामे पाहिले, आणि तिथेच चादरींच्या गठ्ठ्यावर बसून म्हणाली, "न्दिरांगू आला होता ना गं?" मी खरे सांगायला तोंड उघडले. पण मला तोंड उघडायला किती वेळ लागतो हे तुम्ही जाणता. तेवढ्यात ती रडायला लागली होती. "मला माहीत होतं येणार म्हणून," असे ती पुनःपुन्हा म्हणत होती. माझे मौन तिने होकार धरला, आणि वांजुगूबाईंना काल तिने मान ताठ करून सांगितले, "माझ्या भावानं." दादांनी शपथेप्रमाणे बोट लावले नसल्याने ते गप्प बसले. काकांना बोलायचे तर दादांची स्तुती करावी लागली असती, म्हणून तेही गप्प बसले. तार तुमची होती, दांडा तुमचा होता, बेत तुमचा होता. हात तेवढे माझे. तेव्हा ह्यात खोटे फार थोडे आहे. बटाट्याचे पोते पोचले की आई आज तुम्हाला फोन करील. तुम्ही मुकिमो दोनदा वाढून घेतलात, चहा बिनसाखरेचा प्यालात आणि ती येण्याआधी निघालात, कारण थिकाला एक इमारत खोळंबली होती. न भेटता गेलात म्हणून ती थोडी रागावली आहे. तेवढे बोलणे खाऊन घ्यावे. ते पोते तिने आभार म्हणून पाठवले आहे. वरचे बटाटे तिचे, तळाचे पत्र माझे.

ता. क. दुसरा. खरी विनंती ही. वांजुगूबाईंना स्वतःच्या घरी दोन शॉवर हवे आहेत, आणि मंडळाच्या इतर बायकांनाही. त्यांना न्दिरांगू फुंडीच हवा आहे. तुमच्या वतीने मी सगळ्यांना 'हो' सांगितले आहे. तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये. तुम्ही फक्त गिलगिलला असावे. फोन आला की निघालो आहे म्हणावे, आणि तुमच्या आधी हत्यारे घेऊन भाची येईल, असे सांगावे. गिचुकी दादा खोक्यावर बसायला तयार आहेत. मचारिया काका म्हणतात, खोके दोन आण. विद्यापीठाचे बोलावणे येईपर्यंत मला हे काम करायचे आहे, आणि आले तरी सोडायचे आहे असे मला वाटत नाही. हे आईला मी स्वतः सांगेन. पण आधी मेळावा होऊ द्या, आणि तिच्या भावाचे कौतुक पुरते करून होऊ द्या.

ता. क. तिसरा. माझे नाव तुमच्या आईचे आहे, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे मी पाठीवर बांधलेली असल्यापासून तुम्ही मला 'आई' म्हणत आला आहात. तो अधिकार मी आजवर एकदाही वापरलेला नाही. आज वापरते. न्दिरांगू, थिकाच्या मोठ्या दुकानातून विजेच्या कामाचे रबरी हातमोजे घेऊन येत्या मटाटूने पाठव. इथे मिळतात ते पुरुषांच्या मापाचे आहेत आणि माझी बोटे त्यांत हरवतात. लहान मापाचे घे. दुकानदाराने कुणासाठी म्हणून विचारले, तर लाजू नकोस. आईसाठी, म्हणून सांग.

मटाटूच्या कंडक्टरकडे पोते सोपवले: गुरुवार, १४ ऑगस्ट २०१४, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.